पुढच्या बंदरात बघू

सारंगांनी आपल्या बायकोला फसवलं. हे पहिल्याच वाक्यात लिहून टाकतो, कारण मिरकरवाड्यात लोक अजून उलटंच बोलतात. म्हणतात, बायकोसाठी एवढं कोण करतो? मीसुद्धा बरीच वर्षं वेगळंच सांगत फिरत होतो. कोल्हापूरच्या एका दुकानदाराने सारंगांना कुचके रबरी पाइप विकून फसवलं, असं मी म्हणायचो. त्या दुकानदारावरचा आरोप मी मागे घेतो. बाकीचं भांडण मिटलेलं नाही.

मी जुन्या गाड्यांचा धंदा करतो. लांज्याच्या स्टँडवर काजूच्या पुड्या विकत सुरुवात केली, आता रत्नागिरीत स्वतःचं आवार आहे. मला कोणी काही आयतं दिलं नाही. जे मिळवलं ते घासाघीस करून. समोरचा माणूस पहिला भाव बोलतो तेव्हा त्याची नजर कुठे जाते, यावरून मला त्याचा शेवटचा भाव कळतो. आणि हा माणूस, सारंग, माझ्या आवारात आला तेव्हा त्याने मला भाव करूच दिला नाही.

एक जुनी मिनीबस उभी होती. गिऱ्हाईक आलं की टायरला लाथ मारतं, दार आपटून बघतं, पत्र्यावरचा गंज खरवडतं. सारंग थेट आत चढले. त्या बसचं इंजिन ड्रायव्हरच्या बाजूला, आतच. त्यावर कुबडासारखं झाकण. त्यांनी झाकण उचललं, हात आत घातला आणि डोळे मिटून एकेक रबरी पाइप अंगठ्याने दाबत बसले. वैद्य नाडी बघतो तसं म्हणावं, तर वैद्यसुद्धा इतका वेळ लावत नाही.

"हे कधी घातले?"

"मागच्याच वर्षी," मी ठोकून दिलं.

"कुठल्या मागच्या?"

त्यांनी झाकण लावलं, मी मागितले तेवढे पैसे दिले आणि चावी घेतली. मला अपमान झाल्यासारखं वाटलं. भाव न करता माल उचलणारं गिऱ्हाईक म्हणजे पानावर न बसता उठून जाणारा पाहुणा. त्या रागानेच मी त्यांचा पत्ता विचारला आणि आठवड्याने त्यांच्या दारात उभा राहिलो. तिथे मावशी, म्हणजे त्यांची बायको, भेटल्या, आणि मी त्या घरचा झालो.

सारंग ही त्यांची पदवी. आजोबा बोटीवर खलाशांचे मुकादम होते, तेव्हापासून घराला ते नाव चिकटलं. हे स्वतः इंजिनरूममध्ये. सगळी उमर लोखंडाच्या पोटात काढली. जगातली बंदरं बघितली असं लोक म्हणत, पण त्यांना विचारलं तर म्हणायचे, "मी बंदरं नाय बघितली. बंदरांत बंद केलेली इंजिनं बघितली."

मावशी बुरोंडीच्या. माहेरी होडी, सासरी बोट. जन्मापासून समुद्राच्या आवाजातच झोपलेल्या. जेटीच्या शेवाळलेल्या पायऱ्यांवरून टोपलीसकट पडल्या, तेव्हापासून मणका गेला. थोडा वेळ बसलं की आडवं व्हावं लागे. एसटी नाही, रिक्षा नाही, कुठे जाणंच नाही. आणि या बाईंची इच्छा काय, तर जिथे समुद्राचा आवाज येत नाही अशा ठिकाणी एक रात्र झोपायचं.

काशी नाही, मुंबई नाही. आंबा घाट चढून पलीकडे गेलं की झालं. सकाळी निघालेला माणूस जेवायच्या वेळेला पोचतो.

त्यासाठी सारंगांनी ती बस घराशेजारी उंडीच्या झाडाखाली उभी केली आणि आतलं सगळं काढून तिचं घर केलं. फणसाच्या फळ्यांचा पलंग, त्याला बोटीवरच्यासारखा कठडा, वळणावर मावशी घरंगळू नयेत म्हणून. कपांना हुक, टोपाच्या झाकणाला चाप, डब्यांना पट्टे. त्या गाडीत सुटी अशी एकच वस्तू होती, ती म्हणजे मावशींची शिवणाची टोपली. ती त्या इंजिनच्या झाकणाला टेकवून ठेवायच्या. खिडक्यांना त्यांच्याच जुन्या लुगड्यांचे पडदे. मी धंद्याने सांगतो, अशी गाडी मी दुसरी पाहिली नाही. पर्यटकांना भाड्याने द्यायला मागितली तर सारंग म्हणाले, "भंगारशेट, आधी हिला नेऊन आणतो. मग बघू."

हे "मग बघू" मी किती ऐकलं!

दरवर्षी ठरायचं, दिवाळीनंतर निघायचं. पाऊस सरलेला असतो, घाटातला रस्ता डागडुजी करून बरा झालेला असतो. मावशी पोहे, सुकट, लोणचं बांधायला घेत. आणि निघायच्या आधी सारंग झाकण उचलून अंगठा लावत.

"पाइप मऊ पडलाय."

की मग कोल्हापूरहून नवे पाइप. बहुतेक वेळा मीच आणायचो. नवे बसले की लगेच निघायचं नाही. आधी तापून बसायला हवेत, मग क्लिपा पुन्हा आवळायच्या. त्यासाठी भाट्याच्या पुलापर्यंत जाऊन यायचं, मावशींना न घेता. मग उद्या, परवा. तोवर आंब्याचा हंगाम, मग ऊन, मग पाऊस. पुन्हा नारळी पौर्णिमा, पुन्हा दिवाळी, पुन्हा अंगठा.

काढलेला पाइप ते टाकून देत नसत. सुरीने उभा चिरत, आतून बोट फिरवत आणि निकाल देत. "हा घाटात गेला असता." "हा साखरप्यापर्यंत पण नसता पोचला." मग तो चिरलेला पाइप अंगणातल्या दोरीवर, वाळत घातलेल्या बोंबलांच्या रांगेत टांगत. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटे, ही कुठली काळी मासळी?

कोणी हसलं की त्यांचं एक वाक्य ठरलेलं. "लोखंड बोलून मरतं. रबर गप्प राहून मरतं. गप्प राहणाऱ्याला आधी विचारावं लागतं."

ही विचारपूस ते सगळ्यांच्याच गाड्यांची करत. मासेमारीचा हंगाम सुरू व्हायच्या आधी मिरकरवाड्याच्या धक्क्यावर ट्रॉलरची इंजिनं उघडलेली असतात. सारंग न बोलावता चढत आणि दाबत सुटत. तांडेल ओरडायचे, "ओ सारंगानू, हात काढा! बायकोची नाडी बघा जाऊन!" एकदा एका लग्नात त्यांनी फुलांनी सजवलेल्या नवरदेवाच्या गाडीचं बॉनेट उघडलं. वरात थांबली. वरबाप लालबुंद. सारंग म्हणाले, "हा पाइप तुम्हाला लांज्याला पोचवणार नाही." वरबापाने बॉनेट आपटलं आणि वरात गेली. सारंग न जेवता मांडवाबाहेर रस्त्यावर उभे, आता फोन येईल, मग येईल. फोन आला तो गाडी सुखरूप पोचल्याचा.

"नाय फुटला," ते मला म्हणाले. त्यात आनंद नव्हता. त्यांचा चेहरा मी नीट पाहिला होता. न फुटलेला पाइप त्यांना फुटलेल्यापेक्षा जास्त छळायचा.

कारण मला पुढे कळलं. धक्क्यावरच बसलो होतो. समोर एका ट्रॉलरवर पोरं इंजिनचा गळका पाइप चिंधीने बांधत होती. त्यातला एक म्हणाला, "राहू दे, आल्यावर बघू." सारंग उठले, पुन्हा बसले.

"आमच्या बोटीचा चीफ इंजिनियर असंच म्हणाला व्हता," ते म्हणाले. "मी दाखवलं त्याला. तेलाचा पाइप. दाबला की आतून चुरचुर आवाज येत होता. म्हणाला, पुढच्या बंदरात बघू. बंदर एका दिवसावर होतं. पण माझी पाळी संपली, बुरोंडीचाच एक गडी खाली उतरला. हिच्या शेजारच्या घरातला."

पुढचं त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. गरम लोखंडावर तेल उडालं की काय होतं ते मला ठाऊक आहे. आणि आपल्या बसमध्ये इंजिन आतच, मावशींच्या पलंगापासून हाताच्या अंतरावर. वरचा पाइप घाटात फुटला तर उकळतं पाणी आतच उडणार, आणि मावशींना झटकन उठता येणार नाही. भीती खोटी नव्हती, हे मी मानतो. मी रागीट आहे, पण मला समजतं.

पण समजून घेण्यालाही मुदत असते. असाच एका दिवाळीनंतर, मावशींची लोणच्याची बरणी पट्ट्यात अडकवून झालेली, आणि सारंग झाकणाखालून मान वर काढून म्हणाले, "मऊ पडलाय."

माझं डोकं फिरलं. "सारंग, माझी गाडी आहे. मागची सीट काढून गादी टाकतो. आत्ता निघू."

मावशी पलंगावरूनच म्हणाल्या, "नको रे. ह्यांनी बांधलंय त्यातनंच जाईन."

"मग ॲम्ब्युलन्स आणतो!"

"का? मी काय आजारी म्हणून जात्येय?"

मी सारंगांकडे वळलो. "तुम्हाला कळतं का, तुम्ही काय करताय ते? तुमचा चीफ म्हणाला होता, पुढच्या बंदरात बघू. तुम्ही या बाईला वेगळं काय सांगताय? दरवर्षी तेच! पुढच्या बंदरात बघू!"

सारंगांच्या हातातला पाना खाली ठेवला गेला. ते हळू चालत अंगणात गेले आणि दोरीवरच्या पाइपांपाशी पाठ करून उभे राहिले.

मावशी म्हणाल्या, "मेल्या, भांडायचं तर जेवून तरी भांड. उपाशी माणसाची जीभ घसरते." ताट वाढून घ्यायला सांगितलं. मग हळूच म्हणाल्या, "ह्यांचं भय माझ्या हौशीपेक्षा थोरलं हाय. त्याला औषध करायला हवं. मी करत्येय."

मला वाटलं, देवाचं काही करत असतील.

तो मऊ पडलेला पाइप घेऊन मी तिसऱ्या दिवशी कोल्हापुरात हजर. हा माल एका वर्षात फुगतोच कसा? मी तो काउंटरवर आपटला. दुकानदाराने पाइप उचलला, नाकाला लावला आणि म्हणाला, "हे काय माशांच्या टोपलीत ठेवलं होतं का?"

कोकणातल्या माणसाला देशावरच्याने माशांवरून बोलायचं म्हणजे काय! मी त्याला जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. अर्धा बाजार गोळा झाला. शेवटी त्याने हात जोडले आणि नवा संच फुकट दिला, वर क्लिपा दिल्या. मी जिंकल्यासारखा घाट उतरलो. पुढच्या वर्षीही तसंच भांडून आणला. मिरकरवाड्यात दारात बोंबील, परसात सुकट, वाऱ्यालाच वास. एका पाइपच्या वासाचं कोणाला काय वाटणार?

गेल्या पावसाळ्यात मावशींना ताप आला तो उतरलाच नाही. भेटायला गेलो तेव्हा माझा हात धरून म्हणाल्या, "दिवाळीनंतर जायचंय आम्हाला. नवे पाइप आणून ठेव. घाईत नको."

मी आणून ठेवले. मावशी श्रावणात गेल्या.

तेरावं झालं. पाहुणे पांगले, मावशींचा भाऊ तेवढा मागे राहिला. मी तो नवा संच घेऊन गेलो. म्हटलं, आपल्या हाताने बसवू. निदान त्यांची वस्तू तरी नीट असू दे. सारंग ओटीवर बसले होते. मी विचारलंही नाही, गाडीत चढलो, शिवणाची टोपली बाजूला सारली आणि झाकण उचललं. इतक्या वर्षांत त्यांनी मला त्याला हात लावू दिला नव्हता.

वरचा पाइप काळा कुळकुळीत, चमकत होता. फुगलेला, बोट लावलं की चिकट. बोट नाकाशी नेलं आणि मला तो कोल्हापूरचा दुकानदार आठवला. मी टोपलीत हात घातला. दोऱ्यांच्या रिळांखाली एक बाटली होती, एक चिंधी होती. बाटलीत मुशीचं तेल.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, मुशी म्हणजे शार्क मासा. लाकडी होडीला खाऱ्या पाण्याने कीड लागू नये म्हणून मुशीचं तेल पाजतात. पिढ्यान्‌पिढ्या पाजतात, आणि लाकूड माणसापेक्षा जास्त टिकतं. मावशींचा भाऊ बुरोंडीहून आला की ते तेल आणायचा. मी त्याला अंगणात गाठून विचारलं. म्हणाला, "ताईच मागायची. म्हणायची, ह्यांचे पाइप कुजतात म्हणून जाणं राहतं. मी रोज थोडं पाजत्येय."

लाकूड तेलाने जगतं. हे रबर तेलाने फुगतं, मऊ पडतं, मरतं. मावशी दुपारी सगळे झोपले की गाडीत येऊन पलंगावर आडव्या पडत, हात लांब करून झाकण उचलत आणि आपल्या प्रवासाला आपल्याच हाताने तेल लावत. हे होतं त्यांचं औषध.

मी बाटली घेऊन सारंगांपुढे उभा राहिलो. "हे बघा. हे तुम्हाला ठाऊक होतं?"

त्यांनी बाटलीकडे बघितलंसुद्धा नाही. "तुला काय वाटतं? माझा अंगठा एवढा शहाणा आणि नाक आंधळं?"

"कधीपासून?"

"पहिल्या वर्षापासून."

"आणि सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर तिच्या हातानं बिघडतंय हे तिला कळलं असतं. तिला काय वाटलं असतं?"

"पहिल्या वर्षी सांगायचं होतं! हसली असती! म्हणाली असती, बघा कशी वेडी मी! आणि दिवाळीनंतर गेली असती!"

सारंग पावसाकडे बघत म्हणाले, "रोज दुपारी यायची गाडीत. तेल लावायची, गुणगुणायची. मी खिडकीखाली बसून ऐकायचो. तेवढी तरी जात होती ती कुठे."

हे ऐकून कोणाला रडू येईल. मला राग आला. माझ्या धंद्यात मी खूप गोड कारणं ऐकलीत. कारण जितकं गोड, तितका मालात दोष मोठा. त्यांना मऊ पाइप हवा होता. तो त्यांना दरवर्षी आयता मिळत होता, तिच्याच हातून, आणि त्यांना एकदाही "मला भीती वाटते" असं म्हणावं लागलं नाही. मी ते त्यांच्या तोंडावर बोललो. नव्या पाइपांची पिशवी ओटीवर ठेवली आणि निघालो. त्यांनी हाक मारली.

"पिशवी घेऊन जा. लागणार नाय."

दुसऱ्या दिवशी उंडीच्या झाडाखाली गाडी नव्हती. चाकांखालचे चिरे तेवढे होते, त्यांच्यामध्ये गवत न उगवलेली कोरडी लांबट जागा, आणि दोरीवर पावसात भिजणारे पाइप. शेजाऱ्यांनी सांगितलं, उजाडल्यावर गेले, एकटेच. मी साखरप्यापर्यंत गाडी पिटाळली. वाटेत कुठे वाफ सोडत उभी दिसेल, कुठे दरीच्या कडेला दिसेल, म्हणून प्रत्येक वळणावर जीव मुठीत. कुठेच दिसली नाही. परतताना त्यांचा फोन आला.

"पोचलो. घाट चढून वर आहे."

मी गाडी बाजूला घेतली. माझ्या तोंडून तेच निघालं, जे इतकी वर्षं त्यांच्या तोंडून ऐकलं होतं. "पाइप?"

"तेच."

"तेच म्हणजे? तेलाचे?"

"तिनं लावलेले. टिकले." त्यांच्या मागे पाऊस ऐकू येत होता. "इथे समुद्राचा आवाज नाय येत, शेट. खरंच नाय येत."

त्यानंतर ते परत आलेले नाहीत. फोन लावला तर घेतात, "बरा आहे" म्हणतात आणि ठेवतात. वरच्या बाजूच्या एका वाडीजवळ गाडी उभी असते, असं घाटातून येणारे ट्रकवाले सांगतात. मिरकरवाड्यात लोक हळहळतात. बायकोची शेवटची इच्छा पुरी केली म्हणतात. माझ्याशी वाद घालतात की पावसात इंजिन गार राहिलं म्हणून पाइप टिकले. मी म्हणतो, मग मावशींना पावसात न्यायचं होतं. म्हणतात, नशीब म्हणून टिकले. मग ते नशीब एकदा ती आत असताना बघायचं होतं. म्हणतात, ती आत नव्हती, म्हणून त्यांना भीती नव्हती. हे मात्र मला कळतं. कळतं म्हणून मान्य आहे, असं नाही.

तो नवा संच माझ्या ऑफिसात खिळ्याला टांगलेला आहे. गिऱ्हाईकं विचारतात, मी विकत नाही. रबर नुसतं टांगून ठेवलं तरी म्हातारं होतं, हे मला सारंगांनीच शिकवलंय. येता-जाता मी अंगठ्याने दाबून बघतो. अजून चांगला आहे.

सारंग, तुम्ही हे वाचाल न वाचाल, कोणीतरी ट्रकवाला तुम्हाला वाचून दाखवील. मी तिथे येणार नाही. तुम्ही घाट उतरून इथे यायचं. मला काही सांगू नका, मी तुमचा कोण? ओटीवर मावशींचा फोटो आहे, त्याच्यासमोर उभं राहायचं आणि फक्त तिला सांगायचं: तेच पाइप, तीच गाडी, तोच घाट. मग पलंग रिकामा नेलात, तो का?